तिप्पट दर

सकाळी अकरा चाळीसला सारिकाच्या लॅपटॉपवर निरोप आला. बारा तासांचं ध्वनिमुद्रण, भाषा अहिराणी. ऐकून लिहायचं आणि मराठीत उतरवायचं. अशी कामं मिळवून देणाऱ्या वेबसाइटवर तिने छोट्या कामांसाठी लावलेल्या ठरावीक दरांत एवढं मोठं काम बसत नव्हतं, म्हणून ग्राहकाने वेगळा दर आणि मुदत मागितली होती. अंदाज यावा म्हणून चार मिनिटांचा नमुना जोडला होता.

हेडफोनचा डावा कान सोमवारपासून बंद होता. सारिकाने नमुना स्पीकरवरच लावला. धुळ्यात देवपुरातल्या त्या घरात पुढची खोली हेच तिचं ऑफिस. सासू मंजुळाबाई तिथेच कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी-उडीद निवडत बसल्या होत्या. सारिका जळगाव शहरात वाढलेली. जुना शब्द अडला की त्यांनाच विचारायची.

एक म्हातारी बोलत होती. आधी बाजरीविषयी, मग लग्नातल्या रीतींविषयी.

"हाई बाई सोनगीरकडनी शे," मंजुळाबाई मान वर न करता म्हणाल्या. "मन्हा माहेरनी बोली शे ती."

तिसऱ्या मिनिटाला म्हातारी थांबली.

"मशीन बंद शे ना, भाऊ?"

"हो आजी, बंद केलं," एक तरुण आवाज म्हणाला.

मग तिने आपल्या धाकट्या मुलाचा खरा बाप कोण, ते नावानिशी सांगितलं.

मंजुळाबाईंचा हात सुपात थांबला. "बंद कर ते. दार उघडं शे."

सारिकाने बंद केलं. मग ग्राहकाला लिहिलं : नमुन्यातल्या बाईंना मुद्रण चालू असल्याचं माहीत होतं का? नऊ मिनिटांनी उत्तर आलं : ते तुमच्या कामात येत नाही. दर आणि मुदत कळवा.

"नही म्हनी दे," मंजुळाबाई म्हणाल्या.

"आई, या महिन्यात दोनदा नाही म्हटलंय. ताप होता तेव्हा. तिसऱ्यांदा म्हटलं की वेबसाइटवाले मला खालच्या पायरीवर टाकतात. मग कोणी शोधलं तरी मी सातव्या-आठव्या पानावर. चार वर्षं लागली इथपर्यंत यायला."

"उत्तरच नही दिधं तं?"

"तेही 'नाही'च धरतात."

"म्हंजे मुकं ऱ्हायनं तरी दंड. चांगला बजार शे तुन्हा."

सारिकाने डोळे चोळले. सकाळी सहापासून ती एका दुसऱ्या कामाला बसली होती.

"आता ते नुसतं बोलणं आहे," ती म्हणाली. "मी मराठीत लिहिलं की कोणालाही वाचता येईल."

"आनि मी बोलीवरथीन वळखं, तं गावना मानूस वळखाव नही का?"

मंजुळाबाईंनी सुपातला एक खडा उंबऱ्याबाहेर फेकला.

"मन्हा बाप कोनले नही म्हने नही," त्या म्हणाल्या. "म्हैस इकानी नसनी, तं दुप्पट भाव सांगे. गिऱ्हाइक आपलं आपन चालनं जाये. त्याले राग नही, आपले पाप नही."

"आणि दिला कोणी दुप्पट भाव तर?"

"कोन देस दुप्पट? येडा शे का कोनी?"

सारिकाचा नेहमीचा दर मिनिटाला एक डॉलर होता. "तिप्पट सांगते," म्हणत तिने तीन लिहिला. मुदत दहा दिवसांची लिहिली. खरं तर सहा पुरले असते. दर वाचून तिलाच ओशाळल्यासारखं झालं. बारा एकतीसला तिने तो पाठवला आणि तवा ठेवायला उठली.

पहिली भाकरी तव्यावर असताना फोन वाजला. बारा पस्तीस झाले होते. दर मान्य. पैसे वेबसाइटकडे भरले. काम सुरू.

"गया का?" मंजुळाबाईंनी बाहेरून विचारलं.

"नाही गेला. घेतलं त्याने."

"तिप्पटमा?"

"तिप्पटमध्ये. हूं की चूं केलं नाही."

मंजुळाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. फोनकडे बघत म्हणाल्या, "मन्हा बापले असं गिऱ्हाइक कधी भेटनं नही."

भाकरी एका बाजूने करपली. ती उलटायचं दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं.

घेतलेलं काम सोडलं, तर त्याची नोंद नावाखाली कायम राहते. ग्राहक बदलले तरी ती पुसली जात नाही. सारिकाने तो नियम पुन्हा एकदा शेवटपर्यंत वाचला. अपवाद तीनच होते : आजारपण, वीज जाणं, नैसर्गिक आपत्ती.

एकच्या सुमारास फाइल्स आल्या. एकतीस होत्या. कोणाचंही नाव नव्हतं; बाई-०१, बाई-०२, असे आकडे होते. पडद्याच्या कोपऱ्यात मुदतीचं घड्याळ चालू झालं. दोन वाजेपर्यंत सारिकाने पहिली फाइल उघडली नव्हती. काम रद्दही केलं नव्हतं.

दोन दहाला ग्राहकाचा आणखी एक निरोप आला. तिने तो मंजुळाबाईंना मराठीत वाचून दाखवला : "काम चांगलं झालं, तर याच दराने अजून दोनशे तासांचं आहे. कळवा."

मंजुळाबाई निवडलेलं धान्य डब्यात भरत होत्या. त्यांनी डबा खाली ठेवला.

"दोनशे तासमा कितल्या बाया व्हतीन?"