अर्धं बोट आत

म्युरिएल आँटीने आधी बेसिलच्या वर्कशॉपातल्या टेबलावर आपली शाल पसरली आणि मग तिच्यावर ते चाक ठेवलं. बेसिल मदतीला पुढे झाला, तर तिने नुसती मान हलवली. चाकाचे दोन तुकडे झाले होते. बोल्ट बसतात ती मधली चकती निराळी आणि बाकीचं चाक निराळं.

"सात महिन्यांनी सोडली गाडी पोलिसांनी," ती म्हणाली. "अपघात म्हणून कागद मिटवले. दुपारी भंगारवाला येणार आहे. त्याआधी तू बघ."

बेसिलने चाकाकडे बघितलं आणि लगेच खिडकीकडे तोंड केलं.

दक्षिण आफ्रिकेतल्या ह्या कारिएगा गावात गाड्यांचा कारखाना आहे, त्यामुळे गावातल्या निम्म्या पोरांना गाडीचं वेड असतं आणि उरलेल्यांना ते लागायचं असतं. चाकांचा ऑफसेट बदलणं, म्हणजे चाक गाडीच्या अंगापासून थोडं बाहेर किंवा आत आणणं, हे बेसिलचं तीस वर्षांचं काम. तो चाकाचं कडं कापायचा, मध्ये नवी पट्टी घालायचा, दोन्ही बाजूंनी वेल्ड करायचा आणि सावकाश निवू द्यायचा. मग हवा भरून पाण्यात बुडवायचा. एक बुडबुडा दिसला तरी सगळं पुन्हा. बेअरिंगवर जास्त ताण येईल असं काम कोणी कितीही गळ घातली तरी तो करत नसे. ह्या बाबतीत तो जरा जास्तच खडूस होता.

लिंडन, आँटीचा एकुलता एक मुलगा, त्याला चाकं चार बोटं बाहेर हवी होती. "अंकल, चाक बाहेर आलं की पोरी आत येतात," असं म्हणायचा. बेसिलने हसून दोनच बोटं बाहेर काढून दिली. तेवढ्यावर लिंडनने आठ दिवस तोंड फुगवलं होतं.

मग समुद्राकडच्या रस्त्यावर लिंडनच्या गाडीचं पुढचं डावं चाक तुटलं आणि तो जागीच गेला. गाव म्हणालं, बेसिलचं चाक तुटलं. गावाचं काय चुकलं? बेसिलही तेच म्हणत होता. अंत्यविधीला तो सूट घालून चर्चच्या फाटकापर्यंत गेला आणि तिथूनच परत फिरला. त्यानंतर त्याने एकाही चाकाला हात लावला नाही. खिडक्यांचे गज जोडून तो पोट भरत होता. पण हात कामात असले तरी डोक्यात ते एकच चाक फिरत असे. पट्टी ओली होती का? मी घाई केली का? त्या दिवशी हात हलला का? ह्या प्रश्नांनी त्याचं जगणं नकोसं केलं होतं.

"गोड बोलू नकोस माझ्याशी," आँटी म्हणाली. "तुझा सांधा तुटला असेल तर तसं म्हण. मग उद्या चर्चमध्ये उभी राहून सांगेन, की माझ्या लेकराला बेसिलने मारलं. आणि नसेल तुटला, तर तेही सगळ्यांदेखत मीच सांगेन."

तिने तसं सांगितलं तर गज जोडायलाही कोणी बोलावणार नाही, हे बेसिलला ठाऊक होतं. त्याला त्याचं फारसं वाटलं नाही. त्याला फक्त खरं काय ते हवं होतं.

त्याने रॉकेलच्या फडक्याने कडं पुसलं आणि वेल्डवरून अंगठा फिरवला. एकदा फिरवला, मग पुन्हा एकदा. सांधा सगळीकडून धड होता. चाक तुटलं होतं ते मध्ये, बोल्टांच्या भोकांपाशी. त्याने चकती उलटी केली. मागच्या बाजूला लेथवर धातू खरवडल्याच्या बारीक गोल रेषा होत्या. मोजायला व्हर्नियर लावलं, तर जाडी आठ मिलिमीटर कमी भरली. ह्या जागेला त्याने जन्मात कधी हात लावला नव्हता, कारण सगळी गाडी तिच्यावरच तोललेली असते. कोणीतरी चाक आत घ्यायला तिथला धातू खरवडून काढला होता. उरलेल्याला भार पेलवला नाही.

आपण नाही. लिंडनच्या आईसमोर असा आनंद व्हावा ह्याची बेसिलला लाज वाटली, पण तो झाला. बाहीने डोळे पुसून तो वळला.

"आँटी, माझ्यानंतर ही चाकं आणखी कोणाकडे गेली होती का?"

"गेली होती की. मीच नेली होती."

लिंडन मावसभावाच्या लग्नाला केपटाऊनला गेला होता, तेव्हा तिने स्वतः गाडी चालवत स्टेशनजवळच्या लेथवाल्याकडे नेली होती. ती चाकं तशी बाहेर आलेली तिला बघवत नव्हती. लेथवाल्याला म्हणाली, बाबा, अर्धं बोट तरी आत घे. त्याने चारही चाकं आत घेतली. परत आल्यावर लिंडन म्हणाला, चाकं जरा दबल्यासारखी दिसतात, आणि ही गप्प बसली.

"तेवढाच आधार आहे बघ मला," आँटी म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदाच तिचा आवाज मऊ झाला होता. "जीव नकोसा झाला की स्वतःला सांगते, म्युरिएल, तुझ्या हातात होतं तेवढं तू केलंस. नाहीतर कधीच संपले असते मी."

बेसिलने चकती पुन्हा सुलटी केली आणि शालीवर ठेवली.

"सांग आता. कुठे तुटलं?"

बेसिलने मधल्या तुटक्या कडेवर बोट ठेवलं.

"इथे," तो म्हणाला. "हाच माझा सांधा."