मागून आलेली हाक

आई चार पावलं पुढे गेली, पण कान मागेच ठेवून. ब्लँकेटवाल्याने आता हाक मारली नाही, तर सगळी मेहनत फुकट जाणार होती.

त्याने हाक मारली. काय म्हणाला ते कळलं नाही. लेकीकडे येऊन कितीतरी महिने झाले तरी आईने इथल्या भाषेतला एक शब्द तोंडात घेतला नव्हता. पण आवाजातलं ‘अहो, या तर खरं’ तिला बरोबर समजलं. ती सावकाश वळली. चेहरा मात्र मुद्दाम आंबट ठेवला.

इथल्या दुकानांत सगळ्यावर किमती छापलेल्या. पटलं तर घ्या, नाहीतर चालू लागा. आई अशी अनेक दुकानांतून चालू लागली होती आणि दरवेळी खरोखरच बाहेर पोचली होती. मागून कोणी बोलावत म्हणून नव्हतं. सकाळीच ती लेकीला म्हणाली होती, “माझं तिकीट अलीकडचं कर बाई. घरात बसून बुरशी येईल मला.” लेकीचा चेहरा एवढासा झाला होता.

आणि आता स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर हा भला माणूस चक्क भाव करत होता. आईने ब्लँकेट गालाला लावून पाहिलं. उलटं करून शिवण तपासली, नसलेला डाग दाखवला. त्याने छातीवर हात ठेवून मोबाइलमधले मुलांचे फोटो पुढे केले.

“पोरं गोड आहेत रे,” आई मराठीतच म्हणाली, “पण भाव जास्त आहे.”

त्याने बोटं दाखवली. त्यातली दोन आईने स्वतःच मिटली. ती पुन्हा निघाली, त्याने पुन्हा बोलावलं. तिसऱ्यांदा तर तो मागे धावत आला. निम्म्याच्याही खाली सौदा पटला, वर आईने मोज्यांचा एक जोड फुकट काढला. त्याने मागच्या गाडीतून कोरं, सीलबंद ब्लँकेट आणून तिच्या हातात दिलं. आई घरी आली ती जवळजवळ तरंगतच.

लेकीने पिशवी फोडली. वर लोकरीची एक घडी, आत जुने पडदे आणि रद्दी.

“आई, फसवलं गं तुला.”

“दाखवतात एक, देतात दुसरं,” जावई हळूच म्हणाला. “इथे नेहमीचंच आहे हे, आई. आम्हीही फसलोय.”

आई मटकन खुर्चीत बसली. तिला खरंच फार वाईट वाटलं. एवढी वर्षं बाजार केलेली बाई ती. मग तिने मोजे उचलले, ताणून पाहिले, पायात घातले.

“हे मात्र खरे आहेत,” ती म्हणाली. “जे भांडून घेतलं ते खरं निघालं.”

जेवताना तिने सगळा सौदा साभिनय सांगितला. बोटं कशी मिटली ते जावयाच्या हातावर करून दाखवलं. भात दोनदा घेतला. शेवटी लेकीने भीतभीतच विचारलं, “तिकिटाचं आजच बघू का?”

“राहू दे आहे त्या तारखेचं. आधी मला सांग, ‘लाज नाही वाटत का रे तुला’ याला इथे काय म्हणतात?”

“तो आता थोडाच तिथे सापडणार आहे?” जावई म्हणाला.

“तो नसेल तर दुसरा असेल.”

लेकीने सांगितलं. आईने म्हणून पाहिलं. लेक खो खो हसत सुटली, पुन्हा सांगितलं, आईने पुन्हा चुकवलं. मग भांडी विसळता विसळता ती ते वाक्य एकटीच घोळवत राहिली, कोणाला चहाला बोलवावं इतक्या गोड आवाजात.