विषयापुरती खुर्ची

"तुम्ही सदस्य नाही," सचिव नाइल बेक हळूच म्हणाले, "पण तशा बाहेरच्याही नाही."

रुदैना फायली छातीशी धरून दारातच उभी राहिली. "मग बसू कुठं?"

नाइल बेकनी एक कागद पुढे केला. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळाची रचना त्यावर काढली होती. नुसत्या चौकटी, रेघा आणि तुटक रेघा. कायम सदस्य सात, ते टेबलाशी. निमंत्रित चार, तेही टेबलाशीच, पण त्यांना मत नाही. आणि विषयापुरते बोलावलेले भिंतीला लागून, आपापल्या मंत्र्याच्या पाठीमागे.

"तुम्ही विषयापुरत्या. मंत्रिसाहेब मागं वळून विचारतील, तेव्हा बोलायचं."

"अहो, पण ते परदेशात आहेत ना!"

"हो ना," नाइल बेक म्हणाले. "तीच तर पंचाईत आहे."

ती जलमंत्र्यांच्या रिकाम्या खुर्चीमागे जाऊन बसली. ती इंजिनीअर; तिच्या ताब्यातलं मातीचं धरण डोंगरातल्या पावसानं काठोकाठ भरत आलं होतं. दरवाजे आत्ता उघडले तर पाणी वादीच्या, म्हणजे खालच्या कोरड्या नदीच्या, पात्रात मावलं असतं. दुपार उलटली की बांधच जाणार होता, आणि बांधाखालच्या गावात नऊशे माणसं होती. इतकी सरळ गोष्ट. पण सोडलेलं पाणी सीमेपलीकडे जातं, म्हणून दरवाज्याला हात लावायचा तर आधी मंडळाला विचारायचं. गाव रिकामं करायचं का, हा विषय दुसऱ्याच उपसमितीकडे होता आणि ती उपसमिती गुरुवारी बसायची. आज सोमवार.

टेबलाशी घोळ सुरू झाला. परराष्ट्र खात्याचे वासफी बेक म्हणाले, हा सीमेचा विषय, सीमा उपसमितीतूनच यायला हवा. गृहखात्याचे गृहस्थ म्हणाले, छे छे, धरण आपल्या हद्दीत आहे, म्हणजे अंतर्गत. दोघंही भलतेच अदबीनं बोलत होते. एकानं रचनेच्या कागदावर बोट ठेवलं, दुसऱ्यानं तोच कागद उलटा धरून पाहिला. रुदैनाला काही म्हणता काही उमगेना. हे विषय पुढं नेताहेत की एकमेकांच्या अंगावर ढकलताहेत? तिनं दोनदा घसा खाकरला, पण रिकामी खुर्ची काही मागं वळेना. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता.

एवढ्यात मुतलक कॉफीची किटली घेऊन आला. त्याला सदस्य आणि निमंत्रित यांच्याशी काय देणंघेणं? त्यानं भिंतीकडच्यांनाही एकेक पेला दिला. रुदैनानं पेला घेतला न घेतला तोच दारावरच्या शिपायानं तिच्या हातात धरणावरून आलेल्या निरोपाची चिठ्ठी ठेवली. फोन सगळ्यांचे बाहेर काढून घेतले होते. चिठ्ठी उघडायला हात रिकामा हवा, म्हणून तिनं पेला टेबलाच्या कडेवर ठेवला. चिठ्ठीत दोनच शब्द होते. वीतभर उरलंय.

तिनं मान वर केली तर सगळे तिच्या भरल्या पेल्याकडे बघत होते.

मागणं घेऊन आलेला माणूस कॉफी न पिता खाली ठेवतो आणि यजमान "दिलं" म्हणेपर्यंत तिला शिवत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. अध्यक्ष आकिफ पाशा तर तंबूत जन्मलेले. त्यांच्या वडिलांनी असल्या पेल्यापुढं दोन खून माफ केले होते. पाशांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "पी, पोरी. जे मागायला आलीस ते दिलं."

"पाशा!" वासफी बेक जवळजवळ उठलेच. "आपण देऊ शकत नाही. आपण फक्त सल्ला देतो."

"ते मला शिकवू नका. शब्द गेला तोंडातून."

"अहो, मी मुद्दाम नव्हता..." रुदैना सांगायला लागली, आणि जीभ चावली. गप्पकन पेला उचलून एका घोटात रिकामा केला. "दरवाजे उघडायचेत, पाशा. आत्ता."

"उघड."

"म्हणजे लिहू काय?" नाइल बेकनी पेन सरसावलं. "आपली शिफारस वर जाईल, वरून मंत्रिमंडळाकडं, तिथून जलमंत्र्यांकडं."

"ते परदेशात आहेत," रुदैना ओरडली.

"हो ना," नाइल बेक म्हणाले.

कोपऱ्यात सरकारी फोन होता. तिनं कुणाला न विचारता धरणाचा नंबर फिरवला. दरवाज्यावरच्या अबू सख्रचा आवाज मुळातच दांडगा, मागं पाण्याचा गडगडाट, त्यामुळं तो बेंबीच्या देठापासून ओरडत होता. सगळ्या खोलीला ऐकू येत होतं.

"बोला, इंजिनीअरबाई! अहो, आहात कुठं तुम्ही?"

"अबू सख्र, दरवाजे उघडा."

"हुकूम आहे की सल्ला?"

"म्हणजे?"

"राग मानू नका, आधीच विचारून घेतो. सकाळपासून चार ठिकाणांहून सल्ले आलेत. पाणी पलीकडं गेलं की उद्या मला विचारतील, कुणी सांगितलं? माझी पाच लेकरं आहेत, बाई."

रुदैनानं टेबलाकडे पाहिलं. वासफी बेक चष्मा पुसत होते. गृहखात्याच्या गृहस्थांना छतात काहीतरी दिसलं होतं. आकिफ पाशांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि नाइल बेककडे पाहिलं. नाइल बेकचं पेन कोऱ्या ओळीवर तयार होतं.

"हॅलो? बाई, लवकर सांगा! हुकूम की सल्ला?"

"हुकूम," रुदैना म्हणाली.

नाइल बेकनी ओळ कोरीच ठेवून पेनाला टोपण लावलं.