एका ओळीचं धृपद

"घाबरू नका, आप्पा. नवीन आहात. जमेल हळूहळू," अक्षरा पुन्हा एकदा म्हणाली.

विरूपाक्ष आप्पांनी मांडीवरच्या पाटीवर पेन्सिल फिरवली आणि पाटी तिच्याकडे वळवली. 'खातं बंद कर.'

अक्षरा लातूरहून सकाळच्या एसटीनं निलंग्याला आली होती ती हे ऐकायला नव्हे. ब्लॉकचेनवर चालणाऱ्या एका ब्लॉगच्या संकेतस्थळावर मराठी लिहिणाऱ्या नव्या माणसांना हाताला धरून आणायचं, हे काम तिनं हौसेनं अंगावर घेतलं होतं. आप्पांना तर तिनं हट्टानं आणलं. लहानपणी आईच्या मांडीवर बसून तिनं त्यांची शिवकीर्तनं ऐकली होती. गेल्या वर्षी आप्पांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. टाळ खुंटीला लागले. "बोलता येत नाही तर लिहा, आप्पा. लोक ऐकतील," असं तिनं छातीठोकपणे सांगितलं होतं.

समजून घ्यायला त्यांना काही जड गेलं नव्हतं. खात्याची ही किल्ली, म्हणजे पासवर्ड, कुणाला सांगायची नाही, हरवली तर परत मिळत नाही, म्हटल्यावर त्यांनी पाटीवर लिहिलं, 'गुरुमंत्र.' इथं लिहिलेलं साखळीतल्या सगळ्यांकडे नोंदलं जातं, म्हणून ते मागाहून पुसता येत नाही, म्हटल्यावर ते हसले. 'सप्ताह. सगळ्या गावानं ऐकलं. आता बोललोच नाही म्हणता येत नाही.'

मग त्यांनी एक ओळ लिहिली. दवाखान्यात पडल्या पडल्या जुळवलेल्या अभंगाची पहिली ओळ.

'शिवा तुझ्या नावे, वाट झाली घर.'

आणि ते थांबले.

ओळीखाली माणसं आली. अक्षरानंच पाठवली होती. 'छान सुरुवात!' 'स्वागत आहे!' 'पुढचं लवकर येऊ द्या.' कुणी हात जोडले, कुणी फुलं वाहिली. आप्पा रोज फोन उघडत, सगळं वाचत आणि फोन पालथा ठेवत. पुढची ओळ काही आली नाही. अक्षराला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला टाइप करायला जड जात असेल. तिनं बोलून लिहायची सोय सांगितली आणि मग स्वतःचीच जीभ चावली.

"बंद करता येत नाही, आप्पा," ती आता हळूच म्हणाली. "ती ओळही पुसता येत नाही. तिथं तशीच राहणार."

आप्पांनी पाटीकडे पाहिलं. ओल्या फडक्यानं पाटी पुसली. स्वच्छ झाली तरी पुसत राहिले.

चहा घेऊन रत्नम्मा बाहेर आल्या. चाळीस वर्षं नवऱ्याच्या कीर्तनात बायकांच्या पुढच्या रांगेत बसलेली बाई. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "लई शिकलीस पोरी, पण एवढं कळंना व्हय तुला? त्यांनी धृपद म्हणलंय. टाळकऱ्यानं उचलल्याबिगर कीर्तनकार पुढचं कसं म्हणंल?"

"पण अम्मा, लोकांनी किती कौतुक केलं..."

"कौतुक घेऊन काय करावं? तुम्ही समदे बसून नुसतं वा वा करायलाव. वा वा नको त्यांना. म्हणायला पायजे."

अक्षरा फोन हातात घेऊन बसून राहिली. नव्या माणसाला ती पहिल्या दिवशी जी पहिली गोष्ट बजावायची, ती हीच होती: दुसऱ्याचं लिहिलेलं जसंच्या तसं टाकायचं नाही. टाकलं की तपासणारं यंत्र पकडतं, नावापुढचा दर्जा घसरतो. तिचा दर्जा मराठीत सगळ्यांच्या वर होता. दोन वर्षांची कमाई.

तिनं आप्पांच्या ओळीखाली तीच ओळ लिहिली. शब्द न बदलता.

'शिवा तुझ्या नावे, वाट झाली घर.'

लगेच धर्माबादच्या मल्लिनाथचा निरोप आला. त्यालाही तिनंच आणलं होतं. 'ताई, कॉपी? आम्हाला तर तुम्ही लई रागवत होता!'

'कीर्तन चालू आहे,' तिनं लिहिलं. 'टाळ धर.'

मग खाली मल्लिनाथची ओळ आली. तीच. मग कुणा उज्ज्वलाची. मग पुण्याहून एकाची, मग दुबईहून एकाची. एकाखाली एक, तीच ओळ. अक्षराच्या नावापुढे लाल खूण उमटली. तिनं तिकडे पाहिलं नाही.

आप्पांनी आपला फोन हातात घेतला होता. त्यांचा अंगठा ओळींवरून खाली खाली सरकत होता. डावा हात मांडीवर ताल धरत होता. रत्नम्मा पदर डोळ्याला लावून दारात उभ्या होत्या. आप्पांनी डोळे मिटले, उघडले, आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं.

'आता कोण्या दारी, मागू मी आधार.'

घाईघाईनं अक्षरानं तीही ओळ उचलली आणि खाली टाकली.

आप्पांनी हात वर केला. थांब. पाटी जवळ ओढली, सावकाश लिहिलं, आणि हसत तिच्याकडे वळवली.

'चरण मी म्हणायचं. तुम्ही फिरून धृपदावर यायचं. घाबरू नको, बाळ. नवीन आहेस. जमेल हळूहळू.'