कोरी 'प्रति'

शुक्रवारी संतापाच्या भरात राजीनामा मेल करून गेलेल्या मृदुला टिळेकर सोमवारी आपलं सामान न्यायला ऑफिसात आल्या. टेबलावरचा कप पिशवीत टाकला, तेवढ्यात साहेब म्हणाले, "टिळेकर, बियाण्यांचा अहवाल आज हवा हं."

त्या गोंधळल्या. सर्व्हर तपासत बसलेले घोडके हळूच म्हणाले, "मॅडम, तुमचा मेल अडकलाय. 'प्रति'पुढची जागा कोरी आहे. मी बिघाड शोधत बसलो, पण बिघाड नाहीच. ऑफिसनं दिलेल्या मनगटपट्टीवरून आपली नाडी बघून, ती शांत असेल तरच सर्व्हर तिथं साहेबांचं नाव भरतो ना? शुक्रवारी तुमची फारच धावत होती, म्हणून त्यानं भरलंच नाही. आता मी नाव हातानं टाकून पाठवू?"

"नको हो, राहू दे!"

मृदुलाताईंनी कप पिशवीतून काढला, पदरानं पुसला आणि जागेवर ठेवला.