बाकावरची ओळ

बत्तीस चिठ्ठ्या होत्या: सोळांवर तत्त्वज्ञांची वचनं, सोळांवर धर्मग्रंथांतली. शाल्मलीने प्रत्येकीवर फक्त वाक्य आणि क्रमांक टाइप केला होता. कोणतं वचन कोणाचं, ती यादी पाकिटात बंद होती.

आजोबांच्या स्मरणार्थ तळ्याकाठी बसवलेल्या दगडी बाकावर काय कोरायचं, यावरून तिचे प्राध्यापक बाबा आणि कीर्तनकार काका वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते.

"दादाला सांग, त्याचे कोरडे तत्त्वज्ञ मी वासावरून ओळखतो," काका म्हणाले.

"त्याला सांग, त्याच्या पोथ्या मी डोळे मिटून ओळखीन!" बाबा म्हणाले.

तिने दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आणि सगळ्यांत खरं वाटेल ते एकच वचन निवडायला सांगितलं. काकांनी अकरावं निवडलं. बाबांनीही अकरावंच. तिने दोघांना बाहेर बोलावून ती चिठ्ठी समोर ठेवली.

"ते आमच्यातलंच!" दोघं एकदम म्हणाले, आणि वर्षात पहिल्यांदा एकमेकांकडे बघत राहिले.

शाल्मलीने पाकीट उचललं. संदर्भ नसला की विद्यार्थ्यांचे गुण कापणाऱ्या बाबांनी तिचा हात धरला. "राहू दे," ते म्हणाले. काकांनी मान डोलावली.

बाकावर ओळ कोरली गेली. लांबी बावीस इंच, खाली नाव नाही.