मागची खुर्ची

२०२२ साली नात दानेश्वरीची नोकरीची मुलाखत लॅपटॉपवर होणार होती. नव्या लॅपटॉपवर मी रिवाजाप्रमाणे विभूतीची तीन बोटं ओढली. कॅमेरा सुरू केला, तर तिच्यामागच्या रिकाम्या खुर्चीत कुणीतरी पाठमोरं बसलेलं दिसलं.

"लॅपटॉपच खराब निघाला की, आज्जी!"

आम्ही तो परत घेऊन गेलो, तसं आमच्या गावच्या शुक्रवार पेठेतल्या दुकानदार सरफराजनं दुसऱ्या कंपनीचा काढला. "हितंच बघून घ्या की, अम्मा."

दुकानात कॅमेरा लावला. पडद्यावर आमच्यामागं आमच्या घरातली तीच खुर्ची होती. बसणारं आता आमच्याकडं वळलं होतं. कपाळावर विभूतीची तीन ओली बोटं होती.

"मुलाखत उद्या हाय. हाच घेऊ," दानेश्वरी पुटपुटली.

ती आता पुण्यात नोकरीला आहे. सरफराजनं दुकान विकलं. खुर्ची मी तेव्हाच देऊन टाकली.

काल व्हिडिओ कॉलवर दानेश्वरी म्हणाली, "आज्जी, खुर्ची परत आणलीस व्हय?"